रिपोर्टमधला ठळक आकडा काय सांगतो?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

पावसाळा सुरू झाल्यापासून आलेल्या पत्रांत एकाच तऱ्हेची काळजी पुन्हा पुन्हा दिसते. ताप आला, रक्त तपासले, रिपोर्टमध्ये एखादा आकडा ठळक छापून आला आणि घरातल्यांची झोप उडाली. सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर हे शब्द कोविडच्या साथीत घराघरांत पोहोचले खरे, पण ते धास्तीच्या दिवसांत पोहोचल्यामुळे त्यांचा अर्थ निवांतपणे समजावून सांगायचे राहूनच गेले. ते काम थोडेफार व्हावे म्हणून या अंकासाठी पाच पत्रे निवडली आहेत. लिहिणाऱ्यांची नावे अर्थातच देत नाही.

माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला तीन दिवस ताप होता. रक्ताच्या रिपोर्टमध्ये सीआरपी ३४ असा ठळक छापून आला होता. आमच्या डॉक्टरांनी घसा, कान, छाती तपासून ‘व्हायरल आहे, अँटिबायोटिक नको’ असे सांगितले. शेजारच्या वहिनी म्हणतात की त्यांच्या मुलीचा सीआरपी अवघा साडेतीन होता, तरी तिला अँटिबायोटिक दिले होते. आमचे काही चुकते आहे का?
– एक वाचिका, इचलकरंजी

दोन्ही रिपोर्ट आधी शेजारी शेजारी ठेवा आणि आकड्याच्या उजवीकडे बारीक टायपात छापलेले एकक वाचा. काही लॅब सीआरपी ‘मिलिग्रॅम प्रति लिटर’मध्ये देतात, तर काही ‘मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर’मध्ये. डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा भाग. वहिनींच्या मुलीचा रिपोर्ट दुसऱ्या प्रकारचा असेल, तर तिचे साडेतीन म्हणजे तुमच्या लॅबच्या हिशेबाने ३५, म्हणजेच दोन्ही मुलांचा आकडा जवळजवळ एकच. ‘नॉर्मल रेंज’च्या रकान्यात ५ किंवा १० पेक्षा कमी असे छापले असेल तर हिशेब लिटरचा आहे आणि ०.५ किंवा १ पेक्षा कमी असे असेल तर डेसिलिटरचा. दशांशचिन्हाच्या या घोळामुळे घाबरून आलेले आईवडील मी अनेकदा पाहिले आहेत. लॅब बदलली की हे हटकून होते.

सीआरपी म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस हे दोघे न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तद्रवाचा अभ्यास करत होते. न्यूमोकॉकस या जिवाणूपासून वेगळा केलेला ‘सी’ नावाचा एक घटक आजारी माणसाच्या रक्तद्रवात मिसळला की त्याचा साका खाली बसे, आणि रुग्ण बरा झाल्यावर तोच प्रयोग केला की साका बसेनासा होई. नावातला ‘सी’ तो. पुढे कळले की हे प्रथिन जंतू तयार करत नाहीत, आपले यकृत तयार करते. शरीरात कोठेही दाह सुरू झाला की तेथल्या पेशी इंटरल्यूकिन-६ नावाचे रसायन रक्तात सोडतात आणि ते यकृताला पोहोचले की सीआरपीचे उत्पादन वाढते. तेव्हा वाढलेल्या सीआरपीचा अर्थ ‘कोठेतरी दाह आहे’ एवढाच. तो न्यूमोनियाने वाढतो, तसाच संधिवाताने, मोठ्या शस्त्रक्रियेने, हृदयविकाराच्या झटक्याने आणि हिवतापानेही वाढतो. कोविडमध्ये जिवाणूचा लवलेश नसताना तो शंभरापुढे गेलेला आपण सर्वांनी पाहिला आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. दाह सुरू झाल्यावर पहिले सहा-आठ तास सीआरपी फारसा हलत नाही, साधारण दोन दिवसांनी तो शिखरावर पोहोचतो आणि कारण दूर झाले की सुमारे १९ तासांत निम्मा होतो. तापाच्या तिसऱ्या दिवशी काढलेला आकडा म्हणजे शिखराजवळचा आकडा. त्या वेळी तो ३४ असणे साध्या विषाणुजन्य तापात सहज घडते. १०० च्या पुढे गेला की मात्र जिवाणूचा संशय बळावतो. ब्रिटनमध्ये २०१४ च्या न्यूमोनियाविषयक मार्गदर्शक सूचनांनी खोकला-कफ असलेल्या प्रौढांसाठी अशीच एक विभागणी सुचवली होती. तपासूनही निदान पक्के होत नसेल आणि सीआरपी २० च्या खाली असेल तर अँटिबायोटिक देऊ नये, २० ते १०० असेल तर औषधाची चिठ्ठी द्यावी पण त्रास वाढला तरच औषध आणावे असे सांगावे, आणि १०० च्या वर असेल तर औषध सुरू करावे. मुलांना हे आकडे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, पण विचाराची दिशा तीच. व्हिएतनाममधल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत बोटाला टोचून तेथल्या तेथे सीआरपी पाहण्याचा प्रयोग झाला आणि तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अँटिबायोटिकचा वापर कमी झाला आणि रुग्णांना बरे व्हायला त्यामुळे जास्त दिवस लागले नाहीत.

तुमच्या डॉक्टरांनी मुलाला हात लावून, कान-घसा-छाती पाहून निर्णय घेतला आहे आणि तो मला योग्य वाटतो. ताप पाचव्या दिवसापर्यंत टिकला, मूल धापा टाकू लागले, पाणी पिईनासे झाले किंवा त्याची लघवी कमी झाली, तर त्याला पुन्हा दाखवा आणि त्या वेळी सीआरपी परत करा. ३४ चे १२ झाले असतील तर एक गोष्ट, १२० झाले असतील तर अगदी वेगळी.

आमच्याकडे पावसाळ्यात डेंगी, मलेरिया, लेप्टो, टायफॉइड असे सगळेच ताप असतात. हा जिवाणूचा ताप की विषाणूचा, हे एका झटक्यात सांगणारी रक्ततपासणी अजून का निघाली नाही?
– एक वाचक, कुडाळ

तशा तपासण्या निघू लागल्या आहेत. इस्रायलमध्ये विकसित झालेली एक तपासणी तीन प्रथिने एकत्र मोजते. त्यांतले ‘ट्रेल’ नावाचे प्रथिन विषाणूच्या संसर्गात वाढते आणि जिवाणूच्या संसर्गात घटते, दुसरे ‘आयपी-१०’ आणि तिसरा आपला सीआरपी. तिन्हींच्या गणितातून शून्य ते शंभर असा गुण निघतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये तिला परवानगी दिली. कल्पना मला फार मोलाची वाटते, कारण विषाणूमुळे वाढणारा एक आणि जिवाणूमुळे वाढणारा एक असे दोन साक्षीदार त्यात समोरासमोर उभे राहतात.

पण कोकणातल्या तापाला ‘जिवाणू की विषाणू’ हा प्रश्न पुरत नाही. मलेरिया या दोन्हींत बसत नाही, तो परजीवीचा आजार आहे आणि त्यात सीआरपी व प्रोकॅल्सिटोनिन (संसर्गात वाढणारा रक्तातला आणखी एक घटक, त्याविषयी पुढच्या उत्तरात) ही दोन्ही वाढतात. त्यामुळे तुमच्या भागात आकड्यांच्या आधी मलेरियाचा स्मीअर (रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे), डेंगीची एनएस-१ तपासणी आणि ‘गेल्या पंधरा दिवसांत चिखलात अनवाणी काम केले होते का’ हा साधा प्रश्न येतो. लेप्टोच्या (दूषित पाणी-चिखलातून होणाऱ्या जिवाणूच्या तापाच्या) संशयावर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक वेळेत सुरू करणे हे कोणत्याही महागड्या तपासणीपेक्षा मोठे काम आहे. आणि केवळ एका विडाल तपासणीवर टायफॉइडचा शिक्का मारून घेऊ नका. ती पद्धत १८९६ सालची आहे, जुन्या संसर्गामुळे किंवा लसीमुळेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. टायफॉइडसाठी अँटिबायोटिकपूर्वी घेतलेले ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) हेच खरे.

माझे वडील (वय ६६) पित्तनलिकेत खडा अडकून झालेल्या सेप्सिसमुळे अतिदक्षता विभागात आहेत. खडा काढून स्टेंट घातला आहे. प्रोकॅल्सिटोनिन पहिल्या दिवशी ४२ होते, आज सातव्या दिवशी ते ६ आहे. बीपी टिकवून ठेवणारे औषध बंद झाले आहे, ताप नाही. डॉक्टर म्हणतात, अँटिबायोटिक थांबवू. पण रिपोर्टमध्ये नॉर्मल ०.५ पेक्षा कमी असे छापले आहे. अजून बारा पट जास्त असताना औषध थांबवणे धोक्याचे नाही का?
– एक वाचक, पुणे

या पत्राला सविस्तर उत्तर देतो, कारण ही तपासणी सर्वांत जास्त उपयोगी पडते ती नेमकी आपल्या वडिलांच्या आजच्या अवस्थेत, आणि बहुतेक नातेवाईक आकडा नेमका येथेच उलटा वाचतात. सेप्सिस म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद हाताबाहेर जाऊन अवयव बिघडू लागणे, त्याविषयी अधिक शेवटच्या उत्तरात.

गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या काही पेशी कॅल्सिटोनिन नावाचे संप्रेरक बनवतात. प्रोकॅल्सिटोनिन हे त्याचे कच्चे रूप, ११६ अमिनो आम्लांची एक साखळी. निरोगी माणसाच्या रक्तात ते जवळजवळ नसतेच. १९९३ साली पॅरिसमधल्या डॉक्टरांनी दाखवून दिले की जिवाणूंच्या गंभीर संसर्गात ते प्रचंड वाढते आणि अँटिबायोटिक लागू पडले की झपाट्याने उतरते. नवल असे की ज्यांची थायरॉइड काढून टाकलेली आहे त्यांच्यातही ते वाढते. जिवाणूंच्या विषाचा मारा झाला की यकृत, फुप्फुसे, चरबी अशा ठिकाणच्या पेशीही ते बनवू लागतात. विषाणूशी लढताना शरीर जे इंटरफेरॉन सोडते ते या उत्पादनाला अटकाव करते, म्हणून विषाणूच्या तापात ते सहसा कमी राहते. तीन-चार तासांत ते चढू लागते आणि मूळ कारण आटोक्यात आले की साधारण दिवसाला निम्मे होते.

आता आपल्या वडिलांचा हिशेब करू. ४२ चे ८० टक्के उतरले म्हणजे उरतात ८.४. आज आकडा ६ आहे, म्हणजे घसरण ८० टक्क्यांहून अधिक झाली. नेदरलँड्समधल्या अतिदक्षता विभागांत दीड हजारांवर रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नियम असा होता की आकडा शिखरापासून ८० टक्के उतरला किंवा ०.५ पर्यंत खाली आला, या दोहोंपैकी एक झाले की डॉक्टरांना औषध थांबवण्याचा सल्ला द्यायचा. ज्यांच्यावर हा नियम वापरला त्यांना साधारण ५ दिवस अँटिबायोटिक लागले, इतरांना ७, आणि नियम पाळलेल्या गटात मृत्यूही कमी झाले. ब्रिटनमधल्या ४१ अतिदक्षता विभागांतल्या २,७६० रुग्णांचा असाच एक अभ्यास डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे प्रोकॅल्सिटोनिन रोज पाहिल्याने अँटिबायोटिकचे दिवस सरासरी १०.७ वरून ९.८ वर आले आणि रुग्णांना त्याची झळ लागली नाही. त्याच अभ्यासात सीआरपी पाहून मात्र औषधाचे दिवस कमी झाले नाहीत. एक दिवस वाचला तर काय मोठेसे, असे वाटेल. पण ज्याच्या आतड्यांतले चांगले जंतू दर दिवशी मरत आहेत आणि ज्याच्या मूत्रपिंडावर औषधाचा भार पडतो आहे, त्या रुग्णाला तो एक दिवसही मोठा असतो.

तेव्हा छापील ०.५ शी तुलना करू नका, वडिलांच्या स्वतःच्या ४२ शी करा. रिपोर्टवरची ‘नॉर्मल रेंज’ निरोगी माणसासाठी असते. सेप्सिसमधून बाहेर येणाऱ्या माणसाने किती पायऱ्या उतरल्या, हे तिला माहीत नसते. शिवाय मूत्रपिंडे मंदावलेली असतील तर शेवटचा थोडा अंश रेंगाळतो. आणखी एक गोष्ट आपण पत्रात सहज लिहून गेलात, ती माझ्या मते आकड्याइतकीच महत्त्वाची आहे. खडा निघाला आहे आणि तुंबलेले पित्त वाहते झाले आहे. पू किंवा तुंबा तसाच राहिला असता तर आकडा उतरूनही मी औषध थांबवायला कचरलो असतो. ताप नाही, बीपीचे औषध सुटले आहे, तुंबा मोकळा आहे आणि आकडा सात भागांवरून एका भागावर आला आहे. या चारही गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवत असताना डॉक्टर थांबवू म्हणतात, तर त्यांच्यावर विश्वास ठेवा. थांबवल्यानंतर दोन दिवस ते वडिलांवर बारीक लक्ष ठेवतील, आणि गरज पडली तर औषध पुन्हा सुरू करता येते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. औषध थांबवायला जी तपासणी इतकी मदत करते, तिच्या भरवशावर औषध सुरू करायला थांबणे चूक आहे. सेप्सिसच्या उपचारांविषयीच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना हेच सांगतात: सुरुवातीचा निर्णय रुग्ण पाहून घ्यावा, थांबवण्याचा निर्णय घेताना प्रोकॅल्सिटोनिनची जोड घ्यावी. कारण ते जिवाणूशिवायही वाढते. मोठा अपघात, भाजणे, मोठी शस्त्रक्रिया यांनंतरचा पहिला-दुसरा दिवस, तसेच जन्मल्यानंतरचे पहिले ४८ तास, या काळात ते चढलेले असू शकते. उलट क्षयरोगात किंवा एका जागी कोंडलेल्या गळवात ते बेताचेच राहते. आणि ही तपासणी सीआरपीपेक्षा कितीतरी महाग आहे. ती एकदाच करून फाइलला लावून ठेवण्यात मला काही अर्थ दिसत नाही. पहिल्या दिवशी आणि मग एक-दोन दिवसांआड अशी करायची असेल तरच पैसे सार्थकी लागतात.

आईला दाखल केल्याबरोबर दोन्ही हातांतून मिळून चार बाटल्या रक्त काढले. अशक्त माणसाचे एवढे रक्त का घेतात? आणि पाच दिवसांनी कल्चर निगेटिव्ह आले, म्हणजे इन्फेक्शन नव्हतेच का?
– एक वाचक, नांदेड

त्या बाटल्या दिसायला मोठ्या असतात, पण प्रत्येकीत ८ ते १० मिलिलिटर रक्त जाते, म्हणजे चारही मिळून फार तर ४०. रक्तदानात याच्या आठ-नऊ पट रक्त देतात. एवढे लागते याचे कारण असे की सेप्सिस झालेल्या प्रौढ माणसाच्या एका मिलिलिटर रक्तात पुष्कळदा एखादाच जिवंत जिवाणू असतो, कधी तोही नसतो. रक्त थोडे घेतले तर तो हातून निसटतो. दोन वेगळ्या जागी टोचण्याचे कारण, कातडीवरचा एखादा निरुपद्रवी जंतू एका बाटलीत शिरला तर तो ओळखू यावा.

सेप्सिसच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत कल्चर निगेटिव्हच येते. घरीच अँटिबायोटिकचे दोन-तीन डोस झालेले असतील तर तशी शक्यता आणखी वाढते. म्हणून निगेटिव्ह कल्चर म्हणजे संसर्ग नव्हता असे नाही. आईला आधी कोणती गोळी दिली होती ते डॉक्टरांना तारखेसह सांगा, रिकामी स्ट्रिप मिळाली तर तीच न्या.

सासूबाई ७४ वर्षांच्या. एके दिवशी सकाळपासून त्या असंबद्ध बोलू लागल्या, जेवल्या नाहीत. ताप नव्हता. रक्त तपासले तर सीआरपी ८, पांढऱ्या पेशी नॉर्मल. ‘रिपोर्ट चांगले आहेत’ म्हणून आम्हाला घरी पाठवले. संध्याकाळी त्यांचे हातपाय गार पडले, बीपी ८० झाले. लघवीच्या जंतुसंसर्गातून सेप्सिस झाल्याचे निदान झाले. नऊ दिवसांनी त्या घरी आल्या. सकाळचा रिपोर्ट चुकीचा होता का? आणि आमच्याकडून उशीर झाला का?
– एक वाचिका, चिपळूण

सकाळचा रिपोर्ट बहुधा अगदी बरोबर होता. वर लिहिल्याप्रमाणे सीआरपी पहिले सहा-आठ तास मागेच असतो, आणि सेप्सिस कधी कधी त्याच्या पुढे धावतो. लॅबने त्या क्षणी रक्तात जे होते ते छापले. ‘रिपोर्ट चांगले आहेत, म्हणजे बाई बऱ्या आहेत’ हा त्यातून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकला.

जंतू रक्तात सापडणे म्हणजे सेप्सिस, अशी समजूत सर्वत्र आहे. २०१६ मध्ये ठरलेली व्याख्या वेगळी आहे. संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद हाताबाहेर जातो आणि त्यातून स्वतःचेच अवयव जिवावर बेतण्याइतके बिघडू लागतात, त्याला सेप्सिस म्हणतात. म्हणून सेप्सिसचा शोध अवयवांत घ्यायचा असतो. मेंदू गोंधळतो तेव्हा माणूस असंबद्ध बोलते किंवा झोपाळू होते. फुप्फुसे दमतात तेव्हा श्वास मिनिटाला २२ च्या पुढे जातो. मूत्रपिंडे थकतात तेव्हा दिवसभरात लघवी जेमतेम होते आणि क्रिअ‍ॅटिनिन चढते. प्लेटलेट उतरतात, यकृत बिघडल्याने बिलिरुबिन वाढते. सत्तरीच्या पुढे शरीर ताप चढवण्याइतके पेटून उठत नाही, काहींचे अंग उलट थंड पडते. सासूबाईंच्या बाबतीत पहिली खूण त्यांच्या बोलण्यात होती आणि ती आपण सकाळीच ओळखली होती, म्हणून तर रक्त तपासायला नेले.

अशा वेळी मला सीआरपीपेक्षा लॅक्टेट अधिक बोलके वाटते. पेशींना पुरेसे रक्त पोहोचेनासे झाले, शरीरावर पराकोटीचा ताण आला की ते रक्तात साठू लागते. २ मिलिमोल प्रति लिटरच्या पुढे गेले की दक्ष व्हायचे, ४ च्या पुढे गेले की धावपळ करायची. आणि जेथे लॅक्टेटची सोय नाही तेथे बोटाचे टोक आहे. रुग्णाच्या बोटाचे पेर दहा सेकंद घट्ट दाबून सोडायचे आणि पांढरे पडलेले पेर पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचे. तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर रक्ताभिसरण अडखळते आहे. दक्षिण अमेरिकेतल्या अतिदक्षता विभागांत सेप्टिक शॉकच्या, म्हणजे सेप्सिसमुळे बीपी कोसळलेल्या, रुग्णांवर उपचार करताना ही खूण लॅक्टेटच्या तोडीची ठरली, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

शॉकची अवस्था असेल तर पहिल्या तासाच्या आत अँटिबायोटिक शिरेतून जायला हवे, असे आजचे शास्त्र सांगते. हातपाय गार पडताच आपण त्यांना तडक हलवले. त्यात कुचराई झालेली मला दिसत नाही. एका सामान्य सीआरपीने घरातल्यांना आणि डॉक्टरांनाही निर्धास्त केले, याची खंत मात्र मला आहे. असा रिपोर्ट हातात असताना तुम्ही जर म्हणाला असतात, ‘पण डॉक्टर, या कालपर्यंत नातवाचा अभ्यास घेत होत्या, आज माझे नाव विसरल्या’, तर त्या वाक्याला रिपोर्टच्या बरोबरीचे वजन मिळायला हवे होते.

सासूबाईंना पुढचे काही महिने थकवा, भूक मंदावणे, विसराळूपणा, रात्री दचकून उठणे असे त्रास होऊ शकतील. सेप्सिसमधून उठलेल्या पुष्कळांना ते होतात. रोज थोडे चालवा, प्रथिने पोटात जाऊ द्या आणि घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी क्रिअ‍ॅटिनिन एकदा तपासून घ्या. त्या पुन्हा कधी असंबद्ध बोलू लागल्या तर, ताप असो वा नसो, श्वास मोजा, बोट दाबून पाहा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की यांना मागे सेप्सिस होऊन गेले आहे.